ठाणे-नवी मुंबईत फॉस्टर पालक व्हायचंय? आधी हे वाचून घ्या

"आम्हाला एखादं मूल सांभाळायचंय, कुठे जायचं?" असं कोणी विचारलं की माझा उलटा प्रश्न असतो, परत पाठवायची तयारी आहे का? कारण फॉस्टर केअरमधे सगळं तिथेच अडतं. दत्तक घेतलं की मूल कायद्याने तुमचं, आडनाव तुमचं, वारसाहक्कही आला. फॉस्टर केअरमधे यातलं काही होत नाही. मूल ठरावीक काळ तुमच्या घरी राहतं, त्याचं खाणंपिणं, शाळा, दवाखाना सगळं तुम्ही बघता आणि त्याच्या घरची घडी बसली की बाल कल्याण समिती, म्हणजे अशा मुलांचे निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती, त्याला परत पाठवू शकते. मधल्या काळात समितीने अडवलं नसेल तर त्याचे आईवडील भेटायलाही येतात. हे ऐकूनच पोटात गोळा येत असेल तर सरळ दत्तकासाठी नाव नोंदवा, त्यात काही कमीपणा नाही, पण हा दत्तकाचा मागचा दरवाजा समजून येऊ नका.

याचा आधार म्हणजे 2015 चा बाल न्याय कायदा, कलम 44. सरकारी कागदावर फॉस्टर केअरला प्रतिपालकत्व म्हणतात. 2024 मधे केंद्राने गाइडलाइन्स सुधारल्या, त्यानुसार 6 वर्षांवरची मुलं फॉस्टर केअरमधे देतात, म्हणजे बालगृहात राहणारी किंवा ज्यांचे पालक सांभाळायच्या स्थितीत नाहीत अशी. तान्हं बाळ हवं असणाऱ्यांनी इथेच थांबावं.

आता तुम्ही बसता का ते बघा. जोडप्याचं लग्न निदान 2 वर्षं नीट टिकलेलं हवं आणि दोघांचं वय मिळून कमीत कमी 70. 2024 पासून एकट्या व्यक्तीलाही परवानगी आहे, लग्न न झालेली, विधवा, घटस्फोटित कोणीही, वय 35 च्या पुढे, फक्त एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. आणि घरातल्या सगळ्यांचा होकार लागतो, फक्त नवरा-बायकोचा नाही. सासूबाई नाखूश असतील तर अर्ज करायच्या आधी तो विषय मिटवा.

अर्ज ऑनलाइन, कारा (CARA) म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या केअरिंग्ज (CARINGS) पोर्टलवर. पण प्रत्यक्ष काम बघतो तो जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि इथे आपल्याकडे एक घोळ होतो. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली हे ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, पनवेलवाल्यांनो, पत्त्यावर नवी मुंबई लिहीत असलात तरी तुमचा जिल्हा रायगड, म्हणजे मुख्यालय अलिबाग! चुकीच्या जिल्ह्यात फाईल घेऊन गेलात तर नुसते हेलपाटे. ठाण्यात कोण कुठे बसतं ते कोर्ट नाक्यावरच्या कलेक्टर ऑफिसात विचारा. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, लग्नाचं सर्टिफिकेट, मेडिकल रिपोर्ट याच्या दोन-दोन झेरॉक्स जवळ ठेवा, पोलीस व्हेरिफिकेशनही होतं.

मग सोशल वर्कर घरी येतात, याला होम स्टडी म्हणतात आणि लोक उगाच याचं टेन्शन घेऊन पडदे बदलतात. वन बीएचके आहे म्हणून कोणी नाकारत नाही हो, पण मूल झोपणार कुठे, अभ्यासाला कुठे बसणार, दोघं नोकरीला आणि ठाण्याहून लोकलने येईपर्यंत आठ वाजत असतील तर शाळा सुटल्यावर त्याच्याजवळ कोण, हे विचारतात. तुमची स्वतःची मुलं असतील तर त्यांच्याशीही बोलतात. उत्तरं सजवू नका. "शेजारच्या काकू बघतील" असं सांगणार असाल तर काकूंना आधी विचारलेलं असू द्या.

पैशांचं म्हणाल तर केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत मुलामागे महिन्याला 4,000 रुपये आहेत. राज्याची बाल संगोपन योजना वेगळी, तिचे 2,250. दोन्ही एकच समजून लोक भांडत बसतात. हप्ता अडकला तरी घर चालेल एवढी सोय आधीच बघा आणि हा पैसा मुलाचा आहे, घराच्या ईएमआयचा नाही.

रिपोर्ट जुळले की मुलाची भेट होते, मुलाचं मतही विचारतात आणि समिती ऑर्डर काढते. भावंडं असतील तर शक्यतो एकाच घरी ठेवतात, तेव्हा एकाच्या तयारीने गेलात आणि दोघं आली असंही होऊ शकतं.

पहिले काही आठवडे अवघड. बालगृहात वाढलेली बरीच मुलं खाणं लपवतात, अंथरुणाखाली चपाती, दप्तराच्या आतल्या कप्प्यात पार्लेजीचा चुरा. याला चोरी म्हणू नका, रागावू नका. त्याच्या हाताला येईल असा एक डबा ठेवा, त्यात रोज चिवडा, चिक्की काहीतरी टाका आणि तो कधीही उघडायचा असं सांगा. डबा रिकामा राहत नाही याची खात्री पटली की लपवणं आपोआप कमी होतं. आई-बाबा म्हणायला लावू नका, त्याची आई कुठेतरी आहे, काका-मावशी पुरे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आमच्याकडे नवा पाहुणा" असा फोटो तर अजिबात नको, अशा मुलांची ओळख उघड करण्यावर बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ची बंदी आहे.

कायद्यानुसार दर महिन्याला समितीकडून पाहणी असते. त्यासाठी एक साधी वही करा, शाळेचे मार्क, डॉक्टरची चिठ्ठी, भेटी, रात्री दचकून उठतं का, सगळं तारखेसह. मूल परत जाईल तेव्हा हीच वही त्याच्यासोबत द्या, पुढच्या शाळेला, डॉक्टरला उपयोगी पडते. घरी परतायचा मार्गच उरला नाही आणि मूल दत्तकासाठी कायदेशीर मोकळं झालं तर 2 वर्षं तुमच्याकडे राहिल्यावर दत्तकाचा विचार होऊ शकतो, आधी ही अट 5 वर्षांची होती.

आणि एक, कोणी हॉस्पिटलमधून किंवा ओळखीने "मूल मिळवून देतो, एवढे द्या" म्हणालं तर तो याच कायद्याच्या कलम 81 चा गुन्हा आहे, 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि मूल ज्याच्या ताब्यात आहे असा हॉस्पिटलचाच माणूस असेल तर 3 ते 7 वर्षं. तिथून निघा आणि 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला फोन लावा.