सेरादुरा घरी कसा करावा: ओव्हनशिवाय होणारा गोठवलेला पोर्तुगीज गोड पदार्थ

पोर्तुगीज भाषेत ‘सेरादुरा’ म्हणजे करवतीने लाकूड कापताना खाली पडणारा भुसा. मारी बिस्किटांचा बारीक चुरा आणि फेसलेले क्रीम यांचे थर रचून केलेल्या या पदार्थाला हे नाव त्या चुऱ्यामुळेच मिळाले आहे. पोर्तुगालबाहेर तो चीनच्या किनाऱ्यावरील मकाव शहरात विशेष लोकप्रिय आहे आणि गोव्यातील अनेक उपाहारगृहांतही जेवणानंतर मिळतो. १९६१पर्यंत गोवा आणि १९९९पर्यंत मकाव पोर्तुगीज सत्तेखाली होते. काही जण तो फ्रीजमध्ये नुसता गार करतात. मला मात्र तो गोठवलेलाच अधिक आवडतो, म्हणून येथे तीच पद्धत देत आहे.

सहा लहान ग्लासांसाठी ३०० मिलिलिटर व्हिपिंग क्रीम, १५० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १५० ग्रॅम मारी बिस्किटे आणि एक लहान चमचा व्हॅनिला इसेन्स पुरतो.

यांपैकी क्रीमची निवड सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्याकडे पाकिटात मिळणाऱ्या साध्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो आणि ते कितीही फेसले तरी घट्ट उभे राहत नाही; त्यासाठी किमान ३० टक्के, शक्यतो ३५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम घ्यावे. वनस्पतिजन्य चरबीचे व्हिपिंग क्रीम सहज फुलते, पण त्यात बहुधा आधीच साखर असते, तेव्हा पाकिटावरील घटक वाचून कंडेन्स्ड मिल्क निम्म्यावर आणावे. चवीला दुधाचेच क्रीम सरस, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रीम आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये ठेवावे. फेसण्याचे भांडे आणि बीटरची पाती अर्धा तास आधी फ्रीझरमध्ये ठेवावीत, कारण क्रीममधील स्निग्ध कण थंड आणि घट्ट असतील तरच ते एकमेकांना धरून हवेच्या बुडबुड्यांभोवती आवरण तयार करतात. उन्हाळ्यात कोमट भांड्यात फेसलेले क्रीम पाहता पाहता सैल पडते. स्वयंपाकघर फारच तापलेले असेल, तर भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून फेसावे.

तोवर बिस्किटे मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून रव्याइतकी बारीक करावीत. मिक्सर नसल्यास ती स्वच्छ पिशवीत घालून लाटण्याने चुरावीत आणि चाळून घ्यावीत, म्हणजे मोठे तुकडे राहत नाहीत. सादळलेली बिस्किटे वापरू नयेत; चुरा कोरडा आणि मोकळा असला, तरच तो भुशासारखा पसरतो.

आता थंड क्रीम आधी मंद आणि मग मध्यम वेगाने फेसावे. बीटर उचलल्यावर क्रीमचे टोक उभे राहून हलकेच वाकले, की कंडेन्स्ड मिल्क बारीक धारेने आणि व्हॅनिला घालून, टोक ताठ राहीपर्यंतच पुन्हा फेसावे. येथे नजर हटवू नये. त्यापुढे फेसत राहिल्यास क्रीम आधी रवाळ होते आणि मग, रवीखाली लोणी यावे तसे, स्निग्धांश वेगळा होऊन पाणी सुटते. नुकतेच रवाळ दिसू लागलेले असेल, तर दोन-तीन चमचे थंड, न फेसलेले क्रीम हलक्या हाताने मिसळून ते बहुधा सावरता येते.

ग्लासात तळाशी चुऱ्याचा पातळ थर द्यावा, त्यावर बोटभर क्रीम, पुन्हा चुरा, असे तीन-चार थर रचून शेवटी क्रीम ठेवावे. क्रीम प्लास्टिकच्या कोनातून घातल्यास थरांच्या कडा स्वच्छ दिसतात. चुरा दाबू नये. थोडा चुरा मात्र वरून घालण्यासाठी हवाबंद डब्यात राखून ठेवावा, कारण थरांतील चुरा क्रीममधील ओलावा शोषून केकसारखा मऊ होतो, तर वरचा चुरा कोरडाच हवा असतो.

फ्रीझरचा वास लागू नये म्हणून ग्लास घट्ट झाकून किमान चार ते सहा तास गोठवावेत. कंडेन्स्ड मिल्कमधील साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते आणि फेसताना शिरलेली हवा मिश्रण हलके ठेवते, त्यामुळे आइस्क्रीमच्या यंत्राशिवायही त्याचा दगड होत नाही. वाढण्यापूर्वी दहा मिनिटे ग्लास बाहेर काढावेत आणि राखलेला चुरा अगदी शेवटच्या क्षणी भुरभुरावा. एकदा वितळलेला सेरादुरा पुन्हा गोठवू नये. त्यातील हवा निघून गेलेली असते आणि हाती बर्फाळ, जड गोळा उरतो.