सतराव्या शतकातील आयरिश जमीनदार-राजकारण्याचे चरित्र कसे उभे करावे

अशा माणसाचे चरित्र लिहायला घेणारे बहुतेक जण त्याच्या संसदेतील भाषणांपासून आणि वंशावळीपासून सुरुवात करतात. सुरुवात जमिनीपासून करावी, असे माझे मत आहे. त्या शतकातील आयर्लंडमध्ये राजनिष्ठा, धर्म, कर्ज आणि सोयरीक या सगळ्यांचा हिशेब शेवटी जमिनीवरच होत असे, आणि भाषणांपेक्षा जमिनीची नोंद अधिक टिकली आहे.

आधी काय उरले आहे, ते पाहावे. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधील सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत नष्ट झाले, तेव्हा मूळ मृत्युपत्रे आणि न्यायालयीन दप्तरे मोठ्या प्रमाणात गेली. आयरिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाची कामकाजाची इतिवृत्ते अठराव्या शतकातच छापली गेली होती, म्हणून ती वाचली.

आता जमिनीकडे वळावे. ‘बुक्स ऑफ सर्व्हे अँड डिस्ट्रिब्युशन’ या जमीनमालकीच्या सरकारी नोंदवह्यांत डाव्या बाजूला १६४१ चा मालक, टाउनलँडचे (जमिनीच्या सर्वांत लहान विभागाचे) नाव आणि किफायतशीर व नापीक एकरांचे आकडे असतात. उजव्या बाजूला जप्तीनंतर ती जमीन कोणाच्या पदरात पडली, ते असते. आपल्या चरित्रनायकाचे नाव दोन्ही बाजूंना शोधावे. डावीकडे असून उजवीकडे नसेल, तर त्याचे काहीतरी गेले. फक्त उजवीकडे असेल, तर त्याने दुसऱ्याचे घेतले. आणि दोन्हीकडे असेल, तर त्याने ते कसे राखले, हाच चरित्राचा मुख्य प्रश्न ठरतो. सापडलेली टाउनलँड विल्यम पेटी याने १६५० च्या दशकात जप्त जमिनींची मोजणी करून केलेल्या डाउन सर्व्हेच्या नकाशावर ताडून पाहावीत. मात्र हे आकडे आयरिश एकरात आहेत आणि एक आयरिश एकर सुमारे १.६२ इंग्रजी एकरांइतका भरतो, हे विसरल्यास नायक कागदावर विनाकारण गरीब होतो.

जमीन हातची जाण्याचे टप्पे ठरलेले आहेत: २३ ऑक्टोबर १६४१ चा आयरिश कॅथलिकांचा उठाव, क्रॉमवेलच्या काळातील जप्ती व कॅथलिक मालकांचे शॅनन नदीपलीकडे कॉनाक्ट आणि क्लेअरमध्ये स्थलांतर, या जप्त जमिनींचा निवाडा करणारा १६६२ चा सेटलमेंट कायदा आणि त्यात दुरुस्ती करणारा १६६५ चा एक्स्प्लनेशन कायदा, आणि दुसरा जेम्स आणि तिसरा विल्यम यांच्यातील युद्ध संपवणाऱ्या १६९१ च्या लिमरिक तहानंतरची नवी जप्ती. कॅथलिकांकडील जमीन १६४१ मध्ये सुमारे ५९ टक्के होती, ती १६८८ पर्यंत २२ आणि १७०३ पर्यंत १४ टक्क्यांवर आली, असे रूढ अंदाज सांगतात. आपला माणूस या उतरणीवर नेमका कुठे उभा होता, हे प्रत्येक टप्प्याला तपासावे. १६६३ मध्ये जमिनीचे दावे ऐकणाऱ्या क्लेम्स न्यायालयापुढे ‘निर्दोष’, म्हणजे उठावात सामील नसलेला, ठरलेल्यांत तो होता का, हे तर आवर्जून पाहावे.

त्यानंतर राजकारण. तो कोणत्या मतदारसंघातून निवडून आला, याला त्याच्या भाषणाइतकेच महत्त्व द्यावे. १६१३ च्या संसदेसाठी राजा पहिल्या जेम्सने सुमारे ४० नवे बरो (संसदेत सभासद पाठवणारी गावे) निर्माण केले, ते प्रॉटेस्टंट बहुमत मिळावे म्हणून. त्यामुळे लहान बरोची जागा बहुधा तिथल्या धन्याची मर्जी दाखवते, लोकप्रियता नव्हे. डंगॅननचा सभासद असलेला फेलिम ओ’नील हे उदाहरण बोलके आहे: अल्स्टरमधील जमीनदार, डोक्यावर मोठे कर्ज, आणि उठावाच्या आदल्या रात्री, २२ ऑक्टोबर १६४१ रोजी, त्याने शार्लमाँट किल्ला ताब्यात घेतला. पुढे बंडाला राजाची संमती आहे, असे भासवण्यासाठी त्याने राजाचे म्हणून दाखवलेले फर्मान बनावट होते. संसदेतील जागा, कर्ज आणि बंड यांना वेगवेगळ्या प्रकरणांत कोंबले, तर हा माणूस कळतच नाही.

उठावाबद्दलच्या सुमारे ८,००० जबान्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत. त्या बहुतांशी लुटल्या गेलेल्या प्रॉटेस्टंटांच्या असल्याने साक्षीदाराने स्वतः काय पाहिले आणि काय ऐकीव सांगितले, हे वाक्यावाक्याला वेगळे करावे. नुकसानीचे आकडे फुगलेले असू शकतात. मात्र शेजाऱ्यांची नावे, ऋणकोंच्या याद्या आणि गुरांची संख्या यांतून जमीनदाराच्या भोवतालचा गाव दिसू लागतो.

तारखांत घोळ हमखास होतो. तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलत असे, म्हणून कागदावरचा फेब्रुवारी १६४१ हा आपला फेब्रुवारी १६४२ असतो. उठावाच्या वर्षीच ही चूक झाली, तर कारण आणि परिणाम उलटे होतात. बाप, मुलगा आणि चुलतभाऊ एकाच नावाचे असणे ही दुसरी अडचण. तिथे नावापेक्षा ‘अमक्या ठिकाणचा’ हा उल्लेख धरून चालावे आणि आडनावाची निरनिराळी स्पेलिंग एकत्र नोंदवून ठेवावीत.

मृत्युपत्र जळाले असले, तरी विल्यम बेथम या वंशावळी-अभ्यासकाने जळण्यापूर्वीच्या मृत्युपत्रांचे काढून ठेवलेले गोषवारे पाहावेत. १६९१ नंतरच्या जप्तीबाबत डब्लिनच्या चिचेस्टर हाउसमध्ये जप्त जमिनींसाठी नेमलेल्या विश्वस्तांपुढे आलेल्या दाव्यांची छापील यादीही चाळावी, कारण तिथे विधवा आपल्या लग्नकरारातील हक्क मागते, मुली हुंडा मागतात आणि सावकार गहाणखत पुढे करतो. नायकाने हयातीत कोणाला काय कबूल केले होते, ते बऱ्याचदा या दाव्यांतूनच कळते.