‘डूम’ पहिल्यांदा खेळताय? आधी पाय, मग बंदूक

नेमबाजीचा गेम आयुष्यात कधीच न खेळलेल्या माणसाला मी आजही ‘डूम’च लावून देतो. आयडी सॉफ्टवेअरनं तो १० डिसेंबर १९९३ ला आणला. सांगलीत भाचरं, पुतणे, शेजारचे काका असे कितीतरी जण मी त्याच्यासमोर बसवलेत आणि झाडून सगळे एकाच ठिकाणी अडकतात. तिथं अडकलेल्याला जो तो सांगतो, ‘नेम सुधार, सराव कर.’ हा सल्ला साफ चुकीचा आहे.

तयारीला फार काही लागत नाही. पहिला भाग, म्हणजे नऊ नकाशे (गेमचे टप्पे, त्यातला नववा गुप्त), कंपनीनंच शेअरवेअर म्हणून फुकट वाटला होता. १९९७ मध्ये सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रामही खुला झाला, त्यामुळे त्यावरून बनवलेल्या ‘चॉकलेट डूम’ किंवा ‘जीझेडडूम’ या प्रोग्रामवर तो जुन्या लॅपटॉपवरही चालतो. माऊस मात्र जोडा. भडंगाची वाटी बाजूला ठेवून हात पुसून बसा.

काठिण्यपातळ्या पाच आहेत. दुसरी निवडा, ‘हे, नॉट टू रफ’. पहिलीत राक्षस तेवढेच असतात, पण मार निम्मा बसतो, त्यामुळे चुकीच्या सवयी खपून जातात आणि पुढं त्याच नडतात. शेवटची ‘नाइटमेअर’ नवख्याला सुचवणाऱ्याचं काही ऐकू नका. तिथं मेलेले राक्षस पुन्हा उठतात.

आता मुख्य गोष्ट. कॉलेजात असताना विश्रामबागेतल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत मी महिनाभर तिसऱ्याच नकाशात मरत होतो आणि महिनाभर नेमच सुधारत होतो. खरं तर मूळ ‘डूम’मध्ये वर-खाली नेम धरायची सोयच नाही. राक्षस सज्जावर असो की खड्ड्यात, बंदूक त्याच्या रोखानं असली की गोळी आपोआप त्याच्या उंचीवर जाते. म्हणजे नेमाचं निम्मं काम गेमच करतो. मी मरत होतो, कारण मी उभा राहून गोळ्या घालत होतो.

कबड्डीत चढाई करणारा गडी आठवा. तोंड बचावफळीकडं, नजर त्यांच्या हातांवर, आणि पाय डावीकडून उजवीकडं सरकताहेत. तो पाठ फिरवत नाही आणि एका जागी थांबतही नाही. ‘डूम’ अगदी असाच खेळायचा. यात वळणं वेगळं आणि सरकणं वेगळं. वळण्यासाठी माऊस, सरकण्यासाठी ‘ए’ आणि ‘डी’ ही बटणं. सेटिंगमध्ये तसं नसेल तर खेळायच्या आधी करून घ्या, बाणांच्या बटणांवर राहू नका.

गेल्या सुट्टीत मिरजेची भाची खेळत होती. समोरून इंप नावाच्या राक्षसानं आगीचा गोळा टाकला. तिचं डावं बोट बाणावर दाबलं गेलं, पडद्यावरची भिंत गर्रकन फिरली आणि गोळा कानावर बसला. ‘मामा, मी सरकले की!’ म्हणाली. सरकली नव्हती, वळली होती. पाय होते तिथंच.

म्हणून खोली मोकळी करण्यापुरती सोडली तर पहिली पंधरा मिनिटं बंदूक चालवायचीच नाही. पहिल्या नकाशातली खोली मोकळी करून घ्या, एक पिंप गाठा आणि त्याच्याभोवती गोल फिरा. ‘डी’ दाबून ठेवायचं आणि माऊस हळूहळू डावीकडं न्यायचा, म्हणजे पिंप पडद्याच्या मधोमध राहतं. सुरुवातीला ते निसटेल. माऊस घाईनं ढकलू नका, मनगट सैल ठेवा. दहा फेऱ्या नीट झाल्या की उलट्या दिशेनं फिरा. पिंपावर गोळी झाडू नका, ते फुटतं आणि जवळ उभं असलेल्याला घेऊन जातं. राक्षस त्याच्याजवळ आले की तीच गोष्ट तुमच्या कामी येते.

पण सरकून सगळंच चुकवता येत नाही, आणि हे कुणी सांगत नाही याचा मला राग येतो. इंपचा गोळा हवेतून येताना दिसतो, तो चुकवा. बंदूकधारी सैनिकाची गोळी मात्र झाडल्या क्षणी लागते, तिथं नाचून उपयोग नाही. त्याच्यासाठी दाराची चौकट पकडायची: अर्धं पाऊल बाहेर, एक बार, परत आत. खोलीत दोन्ही जातीचे असतील तर आधी सैनिक संपवा. एकाचा मार चुकून दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला तर ते आपसातच भिडतात, तेव्हा आडोशाला थांबून त्यांचं त्यांना लढू द्या.

बाकीचं सोपं आहे. ‘टॅब’नं नकाशा उघडतो, स्पेसनं दार, ‘एफ ६’नं सेव्ह. रंगीत दाराला त्याच रंगाचं कार्ड लागतं. डोकं गरगरायला लागलं तर लगेच उठा, खिडकीतून लांब बघा, आणि खोलीत दिवा लावून खेळा. गरगरतं तसंच रेटणारे दुसऱ्या दिवशी गेमकडं फिरकत नाहीत.

आठव्या नकाशात बॅरन नावाचे दोन दांडगे राक्षस एकदमच सुटतात. त्यांचे हिरवे गोळे दिसतात, म्हणजे चुकवता येतात. पिंपाभोवती फिरलात तसे दोघांभोवती फिरा, दोघांनाही समोर ठेवा. ते पडले की भिंती खाली जातात आणि पुढं तुम्ही एका अंधाऱ्या खोलीत पोचता. तिथं चहूबाजूंनी मार बसतो आणि तब्येत भराभर उतरते. भाचीनं तिथं तीनदा ‘एफ ९’ दाबून जुना सेव्ह उघडला. तुम्ही दाबू नका. पहिला भाग असाच संपतो.