प्रेग्नन्सीत इम्युनिटी "कमी होते" असं धरून केल्या जाणाऱ्या चुका

प्रेग्नन्सीत इम्युनिटी कमी होते हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की कोणी शंकाच घेत नाही, पण ती कमी होत नाही, कामाची पद्धत बदलते, आणि बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात.

उदाहरणार्थ इम्युनिटी बूस्टर. अहो, बूस्ट करून करायचंय काय, इथे तर इम्युनिटीने बाळाला सांभाळून घ्यायचं असतं. बाळाचे निम्मे जीन्स बापाचे, म्हणजे आईच्या शरीराला ते अर्धं परकंच, तरी शरीर त्याला बाहेर का फेकत नाही हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ मध्येच मांडला होता. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरातल्या इम्युन पेशींपैकी साधारण ७० टक्के एनके सेल्स असतात, पूर्ण नाव नॅचरल किलर, पण इथे त्या किलर वगैरे काही नसतात, उलट तिथल्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करतात म्हणजे वारेला (प्लासेंटाला) नीट रक्त मिळतं. त्यामुळे हातातून रक्त काढून एनके सेल्स मोजायच्या आणि मग त्या दाबायची ट्रीटमेंट, असं कोणी सुचवलं तर सेकंड ओपिनियन घ्याच, रक्तातल्या आणि गर्भाशयातल्या या पेशी वेगळ्या असतात.

पांढऱ्या पेशी १३-१४ हजार आल्या की लगेच इन्फेक्शन समजून घरात पडलेली अँटिबायोटिक खाऊ नका, प्रेग्नन्सीत त्या वाढतातच, कळांच्या वेळी तर २५ हजारांवरही जातात. ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर मात्र डॉक्टरांकडे जा.

"आधीच इम्युनिटी कमी, त्यात लस कशाला" हे तर उलटंच झालं. प्रेग्नन्सीत फ्लू जास्त जोरात होऊ शकतो आणि त्याची इंजेक्शनवाली लस कुठल्याही महिन्यात चालते. डांग्या खोकल्याची २७ ते ३६ आठवड्यांत घेतली की आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात. गोवर, कांजिण्यांच्या जिवंत लसी तेवढ्या नकोत.

आणि आरएच निगेटिव्ह असाल, म्हणजे ब्लड ग्रुप ओ निगेटिव्ह, ए निगेटिव्ह असा काही असेल, तर "पहिलं बाळ ठणठणीत झालं, आता अँटी-डीचं इंजेक्शन कशाला" असं अजिबात नको. पहिल्या वेळी बाळाचं पॉझिटिव्ह रक्त आईच्या रक्तात मिसळलं की तिची इम्युन सिस्टिम ते लक्षात ठेवते आणि त्रास पुढच्या बाळाला होतो. म्हणून हे लक्षात ठेवणंच रोखणारं अँटी-डी इंजेक्शन साधारण २८ व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर डिलिव्हरीनंतर ७२ तासांत परत. मिसकॅरेज झालं किंवा मध्येच ब्लीडिंग झालं तरी आपला ब्लड ग्रुप डॉक्टरांना लगेच सांगा, त्या गडबडीत हेच राहून जातं.