एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगमध्ये पहिल्यांदा बोलायचंय?

दारू सोडायचीय पण चारचौघात बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो? मग आधी नुसतं ऐका, जबरदस्ती नसते, फी नसते, आडनावपण सांगावं लागत नाही. ओपन मीटिंगला घरचे येऊ शकतात, क्लोज्डला फक्त ज्यांना दारूचा प्रॉब्लेम आहे तेच, सो घरच्यांसमोर जड जात असेल तर क्लोज्डपासून सुरू करा.

बोलताना साधी लाइन धरा, आधी कसं होतं, काय घडलं, आता कसंय. अख्खं आयुष्य काढू नका, एकच प्रसंग घ्या, पगाराच्या रात्रीचा वगैरे, आणि 'मी'वरच राहा, बायको अशी नि बॉस तसा सुरू झालं की गाडी भरकटली समजा. (किती पचवायचो याच्या शौर्यकथापण नकोत!) मधे कोणी सल्ला देत नाही, रडू आलं तर थांबा. १९३५ला अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये एक शेअर ब्रोकर आणि एक सर्जन असेच एकमेकांशी बोलले, त्यातनंच हे सगळं उभं राहिलं.

रोज सकाळी एवढंच ठरवायचं, फक्त आजचा दिवस नाही प्यायची. पण रोज भरपूर घेत असाल तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरला भेटा, फिट येऊ शकते.