रोजच्या डिझेल ट्रकसाठी टर्बोची निवड
टर्बो (एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या, जोरावर इंजिनात जादा हवा दाबणारे यंत्र) निवडताना अश्वशक्तीच्या कमाल आकड्याआधी, आपले इंजिन दिवसभर मिनिटाला १५०० ते २५०० फेऱ्यांच्या ज्या टप्प्यात फिरते, तो टप्पा पाहावा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील अमेरिकी डॉज रॅमच्या ५.९ लिटर कमिन्स इंजिनावर सहसा मूळचा होलसेट कंपनीचा एचएक्स-३५ टर्बो असतो. त्याऐवजी फार मोठा टर्बो बसवल्यास हवेचा दाब उशिरा तयार होतो, हवा अपुरी पडून काळा धूर निघतो आणि चढावर ओझे ओढताना एक्झॉस्टचे तापमान धोकादायक वाढते. म्हणून कॉम्प्रेसर (टर्बोचा हवा दाबणारा भाग) थोडाच मोठा घ्यावा व टर्बाइनचे (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या चाकाचे) हाउसिंग, म्हणजे कवच, लहानच ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. दोन टर्बोंची जोडणी ओझ्यासाठी उत्तम, पण खर्चिक असते. एक्झॉस्टच्या तापमापकाचा प्रोब (तापमान टिपणारे टोक) टर्बाइनच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे एक्झॉस्ट इंजिनातून टर्बोकडे नेणाऱ्या नळीत, बसवावा (भोक पाडताना लोखंडाचा कीस आत राहू देऊ नये) आणि सलग ओढताना तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या आत ठेवावे.