फळछाटणीनंतरची बगलफूट: ‘कक्षस्थ’ म्हणजे नेमके कुठले?

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात फळछाटणीला (घड धरण्यासाठीच्या छाटणीला) तीन-चार आठवडे झालेल्या द्राक्षबागांत आता बगलफुटी काढायचे काम निघेल. माहितीपत्रकात हीच फूट ‘कक्षस्थ’ किंवा ‘ॲक्झिलरी’ म्हणून भेटते. कक्ष म्हणजे काख. दवाखान्यात काखेत ताप मोजतात, त्यालाही इंग्रजीत हेच विशेषण लागते. वेलीची काख म्हणजे पानाचा देठ आणि काडी यांमधला वरचा कोन. तिथून निघते ते कक्षस्थ, शेंड्याचे ते अग्रस्थ.

द्राक्षाचा घड मात्र कक्षस्थ नाही, बाळीही (आधाराला वेटोळे घालणारा तंतू) नाही. दोन्ही पेरावर पानाच्या समोरच्या बाजूला येतात. नवख्या मजुराला कामाला लावण्याआधी एवढे एकच काडीवर दाखवा: देठाच्या काखेतले काढायचे, समोरचे नाही. घाईत घड खुडला जातो तो इथेच.

काखेत दोन गोष्टी असतात. बगलफूट याच हंगामात वाढते. तिच्या बुडाशी चिकटलेला डोळा पुढच्या छाटणीनंतर फुटतो. म्हणून फूट खाली ओरबाडू नका, साल निघते आणि डोळा दुखावतो. दोन-तीन पानांची कोवळी असताना बाजूला वाकवून मोडा. काडी धरलेल्या (कडक झालेल्या) जुन्या फुटीला कात्रीच लावा आणि बुडाशी लहान खुंट ठेवा.

घडाखालच्या आणि घडाभोवतीच्या फुटी आधी काढा. तिथे हवा खेळली नाही की दव उशिरापर्यंत टिकते, फवारा घडापर्यंत पोहोचत नाही आणि डाऊनी (केवडा हा बुरशीजन्य रोग) आत बसतो. घडाच्या वर 10 ते 12 पाने भरत नसतील तर वरच्या बगलफुटी एक-एक पान राखून खुडा. सरसकट सफाई केली तर मणी पोसायला पाने उरत नाहीत. काम दव वाळल्यावर करा. पानांवर डाऊनीचे तेलकट डाग दिसले तर काढलेला पाला बागेबाहेर न्या.

शेंडा मारला (खुडला) की काखेतले फुटवे जोर धरतात, कारण शेंड्याचा दाब सुटतो. त्याच आठवड्यात नत्र आणि पाणी वाढवले तर आठ दिवसांत पुन्हा तेच काम करावे लागते.

खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यात नव्या काड्या तयार करण्यासाठीच्या छाटणीनंतर) हीच फूट उपयोगी पडते. सात पानांवर शेंडा मारून वरची बगलफूट सबकेन (उपकाडी) म्हणून वाढवतात, खालच्या काढतात. त्या वेळी डोळा दुखावला तर ऑक्टोबरातल्या फळछाटणीनंतर त्या पेरावरचा घडच जातो.